पोटगीच्या दाव्यातलं ते लांबलचक प्रतिज्ञापत्र

नवरा-बायको कायद्याने वेगळे झाले की घरादाराचे, पैशाअडक्याचे दोन सारखे वाटे होतात, असं बरेच जण धरून चालतात. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा चालतो, तिथे लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर साधारण तसं होतं. महाराष्ट्रात होत नाही. फ्लॅट नवऱ्याच्या नावावर असेल तर तो त्याचा, एफडी बायकोच्या नावावर असेल तर ती तिची, दोघांच्या नावावर असेल ते दोघांचं. स्त्रीधन बायकोचंच, ते सासरच्या कपाटात असलं तरी. सासऱ्यांनी स्वतःच्या कमाईतून बांधलेल्या घरावर सुनेचा मालकीहक्क नाही.

मग ज्याचं जे त्याचं ठरलेलंच असेल, तर कौटुंबिक न्यायालय दोघांकडून खात्यांचे उतारे, कर्जं, दागिने, किराण्याचा खर्चसुद्धा का मागतं? कारण तिथे खरा वाद बहुतेक वेळा पोटगीचा असतो. आणि पोटगी किती, याचं सूत्र कायद्यात कुठेही दिलेलं नाही.

इथे लगेच कुणीतरी ‘पंचवीस टक्के’ म्हणतं. २०१७ मध्ये एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नवऱ्याच्या हातात येणाऱ्या पगाराच्या २५ टक्के रक्कम योग्य ठरेल असं म्हटलं होतं, तेव्हापासून हा आकडा पारावरच्या गप्पांतही नियम म्हणून फिरतो. तो नियम नाही. न्यायाधीश पाहतात ते वेगळंच: दोघांची कमाई, दोघांचं शिक्षण, मुलं कुणाकडे आहेत, म्हाताऱ्या आई-वडिलांचा भार कुणावर आहे, कुणाला आजार आहे का, आणि एकत्र होते तेव्हा हे घर कसं राहत होतं. यातल्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर पगाराच्या पावतीत सापडत नाही. म्हणून एवढे कागद लागतात.

२०२० पर्यंत हे काम बरंचसं अंदाजावर चालायचं. अर्जात बायको लिहिणार की नवऱ्याला महिना दोन लाख मिळतात, उत्तरात नवरा लिहिणार की धंदा बसला, पंधरा हजारही सुटत नाहीत. कागद कुणीच देत नसे, तारखांवर तारखा पडत, आणि शेवटी न्यायाधीश मधलाच एखादा आकडा धरत. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयात २०१३ मध्ये दाखल झालेल्या एका अर्जावर २०१५ मध्ये अंतरिम पोटगीचा आदेश झाला, २०१८ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो कायम ठेवला, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचून निकाल लागला ४ नोव्हेंबर २०२० रोजी. अंतरिम पोटगी म्हणजे दावा चालू असताना घर चालावं म्हणून द्यायची रक्कम. तिचाच वाद सात वर्षं चालला. वकील मंडळी ‘रजनेश विरुद्ध नेहा’ म्हणतात तो हाच निकाल.

न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा आणि न्यायमूर्ती आर. सुभाष रेड्डी यांच्या खंडपीठाने त्यात दोन्ही बाजूंना सुनावलं. बायकोचा कल गरजा फुगवून सांगण्याकडे असतो आणि नवऱ्याचा कमाई दडवण्याकडे, असं निरीक्षण त्यांनी स्पष्ट शब्दांत नोंदवलं. उपाय म्हणून मालमत्ता आणि देणी जाहीर करण्याच्या प्रतिज्ञापत्राचा नमुनाच निकालाला जोडून दिला. शेती नसलेल्यांसाठी एक, शेतीवर जगणाऱ्यांसाठी दुसरा, आणि मेघालयातल्या मातृवंशीय समाजासाठी तिसरा. हे बंधन दोघांवर आहे. जो पोटगी मागतो त्याच्यावर, आणि ज्याच्याकडे मागितली त्याच्यावरही. लग्न कोणत्या कायद्याखाली झालं, अर्ज हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खाली आहे, कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली आहे की जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली, याने फरक पडत नाही. (ते १२५ कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ झालं आहे. कोर्टाच्या आवारात अजून ‘एकशेपंचवीस’च म्हणतात.)

मुदतीही घालून दिल्या. अर्जदाराने अर्जासोबत प्रतिज्ञापत्र द्यायचं, सामनेवाल्याने उत्तरासोबत, जास्तीत जास्त चार आठवड्यांत. टाळाटाळीसाठी दोनहून अधिक तारखा मिळू नयेत, आणि मुद्दाम उशीर केला तर न्यायालय त्याचा बचावच काढून टाकू शकतं, म्हणजे त्याची बाजू न ऐकता पुढे जाऊ शकतं. प्रतिज्ञापत्रं आल्यावर चार ते सहा महिन्यांत अंतरिम पोटगीचा निर्णय व्हावा आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून लागू व्हावी, असंही ठरवलं. प्रत्यक्षात सगळीकडे असं होतं का? नाही. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयालाच पुन्हा खंत व्यक्त करावी लागली की खालची न्यायालयं या सूचना पाळत नाहीत. पण तुमच्या प्रकरणात त्या पाळल्या जाव्यात असा आग्रह धरायचा हक्क तुम्हाला आहे, आणि वकिलाने तो धरायला हवा.

दारिद्र्यरेषेखालच्या, आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि रोजंदारीवरच्या पक्षकारांना या प्रतिज्ञापत्रातून सूट आहे. ज्याच्याकडे लपवायलाच काही नाही त्याच्याकडून पंधरा पानं भरून घेण्यात अर्थ नसतो.

आकडेच आकड्यांची चुगली करतात

नमुना पहिल्यांदा वाचला की तो नुसता चौकशीचा कागद वाटतो. शिक्षण, लग्नाची तारीख, वेगळं राहायला लागल्याची तारीख, घरभाडं, औषधं, मुलांच्या शाळा, इतर कोर्टात चाललेले दावे, पगार, भत्ते, व्याज, लाभांश, घर, जमीन, गाडी, दागिने, कर्ज, कर्जाचा हप्ता. पण त्याची खरी गंमत अशी की उत्पन्न, खर्च, मालमत्ता आणि देणी हे चारही भाग एकाच माणसाला एकाच शपथेवर लिहायला लागतात. एक आकडा दाबला की दुसरा वर येतो.

समजा एका दुकानदाराने तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं जोडली. वर्षाला ४,८०,००० उत्पन्न, म्हणजे महिन्याला ४०,०००. त्याच प्रतिज्ञापत्रात देण्यांच्या भागात घरकर्जाचा हप्ता २८,००० आणि गाडीचा ११,००० लिहिला, कारण देणी जास्त दाखवली तर पोटगी कमी होईल असा त्याचा हिशेब. मुलाची फी वर्षाला १,२०,०००, म्हणजे महिन्याला १०,०००. विम्याचा हप्ता वर्षाला ६०,०००, म्हणजे महिन्याला ५,०००. बेरीज ५४,००० झाली, आणि अजून घरात दूध आलेलं नाही, विजेचं बिल भरलेलं नाही. हप्ते मात्र तीन वर्षांत एकदाही चुकलेले नाहीत. आता समोरच्या वकिलाला फार हुशारी दाखवावी लागत नाही. तो एकच विचारतो: वरचे पैसे कुठून आले? त्यावर ‘भाऊ देतो’ म्हटलं, तर भावाच्या खात्यातून आलेल्या नोंदी दाखवाव्या लागतात.

उलट बाजूलाही हेच. पोटगी मागणाऱ्या बाईने स्वतःचा आणि मुलाचा खर्च महिना ९०,००० लिहिला, आणि एकत्र राहताना चार माणसांच्या घराचा खर्च क्रेडिट कार्डाच्या बिलांवरून ४५,००० च्या आसपास निघाला, तर न्यायाधीशांचा विश्वास तिच्या बाकीच्या, अगदी खऱ्या आकड्यांवरूनही उडतो. माझ्या मते प्रतिज्ञापत्रातला सगळ्यात धोक्याचा भाग खर्चाचा आहे. उत्पन्न लिहिताना लोक दहादा विचार करतात, खर्च मात्र बसल्या बैठकीला गोल आकड्यांत लिहून टाकतात. मागच्या बारा महिन्यांचे उतारे पुढ्यात घेऊन, वर्षातून एकदाच येणारे खर्च बाराने भागून लिहिलेला खर्च वेगळाच दिसतो, आणि उलटतपासणीत टिकतो.

पगारदार, धंदेवाले, शेतकरी

नोकरदाराचं काम त्यातल्या त्यात सोपं. मालकाचा दाखला, पगाराच्या पावत्या, फॉर्म १६, तीन वर्षांचे बँकेचे उतारे. लक्षात ठेवायचं ते एवढंच की एकूण पगार लिहायचा, भत्ते, बोनस, इन्सेंटिव्ह, कंपनीने दिलेलं घर किंवा गाडी, सगळ्यासकट. हातात येणारा पगार ठरवताना न्यायालय आयकर आणि सक्तीची भविष्यनिर्वाह निधीची कपात वजा धरतं. स्वतःच्या मर्जीने वाढवलेली बचत, सोसायटीचं कर्ज, नुकताच घेतलेला मोठा हप्ता, हे सगळं तसंच्या तसं वजा होईल अशी आशा धरू नये. दावा दाखल झाल्यावर अचानक निघालेल्या कर्जाकडे न्यायालय संशयानेच पाहतं.

नोकरी सोडून देणं हा आणखी एक जुना डाव. काम करण्याजोगा, धडधाकट माणूस ‘मी बेकार आहे’ एवढं म्हणून पोटगीतून सुटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी सांगितलं आहे. शिक्षण आणि आधीचा पगार प्रतिज्ञापत्रात लिहावा लागतोच, मग न्यायालय त्यावरून कमाईची कुवत धरतं. शिकलेल्या बायकोचंही असंच आहे, पण तिथे कायद्याने फरक केला आहे. कमावण्याची पात्रता असणं आणि खरोखर कमावत असणं या दोन गोष्टी न्यायालय वेगळ्या मानतं. नुसत्या पदवीमुळे पोटगी नाकारली जात नाही. मात्र नोकरी असूनही ती लपवली, तर प्रकरण तिच्यावरच उलटतं.

धंदेवाल्यांकडून विवरणपत्रांसोबत ताळेबंद मागतात, भागीदारी असेल तर फर्मचे कागदही. घरातली गाडी, मोबाइल, पेट्रोल, बाहेरचं जेवण असा बराच वैयक्तिक खर्च फर्मच्या खात्यातून होतो आणि मालकाचं ‘उत्पन्न’ छोटं दिसतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. ताळेबंदात मालकाने उचललेल्या रकमा वेगळ्या दाखवलेल्या असतात. नफ्याच्या आकड्याइतकंच तिथे बघायला हवं.

शेतकऱ्यांसाठीचा नमुना वेगळा असण्याचं कारण उघड आहे. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, त्यामुळे विवरणपत्रावरून काहीच कळत नाही. तिथे विचारतात ते जमीन किती, कुठे, ओलिताची की कोरडवाहू, पिकं कोणती, हंगामी की बारमाही, जमीन पडीक असेल तर खंडाने दिली आहे का, गाई-म्हशी, शेळ्या, कोंबड्या किती आणि त्यांचं उत्पन्न काय. आपल्याकडे सातबारा, आठ-अ आणि फेरफार हे तीन उतारे काढले की निम्मं चित्र उभं राहतं. सातबाऱ्यावर पीकपाहणीची नोंद असते, म्हणून बागायती उसाच्या जमिनीला जिरायत म्हणून दाखवणं सोपं नाही. वडिलोपार्जित जमीन अजून वाटप न झालेली असली तरी त्यातला हिस्सा लिहावा लागतो. ‘सातबारा वडिलांच्या नावावर आहे, माझं काही नाही’ हे वाक्य फार ऐकू येतं. जमीन वडिलांनी स्वतः घेतलेली असेल तर ते खरं आहे. आजोबा-पणजोबांकडून आलेली, एकत्र कुटुंबाची असेल तर नाही.

आता विसरल्या जाणाऱ्या गोष्टी. पतसंस्थेतल्या ठेवी, भिशी, नातेवाइकांना दिलेले हातउसने, पोस्टातली बचतपत्रं, बंद पडलेली विमा पॉलिसी, जुन्या नोकरीतला भविष्यनिर्वाह निधी, आईसोबत उघडलेलं जोडखातं, मुलाच्या नावाने ठेवलेली रक्कम, सोनेतारण. यातलं बरंचसं लोक मुद्दाम लपवत नाहीत, त्यांना खरंच आठवत नाही. पण नंतर उघड झालं की ते लपवल्यासारखंच दिसतं. उपाय सोपा आहे. आयकर खात्याच्या पोर्टलवर आपलं वार्षिक माहिती विवरण, म्हणजे एआयएस, काढून बघावं. व्याज, लाभांश, शेअर आणि म्युच्युअल फंडांचे व्यवहार तिथे एकत्र दिसतात. क्रिप्टोच्या विक्रीवर १ जुलै २०२२ पासून १ टक्का टीडीएस कापला जातो, त्याचीही नोंद राहते. क्रेडिट रिपोर्टमध्ये आपल्या नावावरची सगळी कर्जं सापडतात, ज्यांना जामीन राहिलो तीसुद्धा.

जोडीदारासोबत मिळून काढलेल्या घरकर्जाबद्दल एक गोष्ट सांगून ठेवतो. घटस्फोटाच्या हुकूमनाम्यात ‘हप्ते नवरा भरेल’ असं लिहिलं तरी बँकेला त्याने बांधलं जात नाही. करारावर दोघांची सही असेल तर हप्ता थकल्यावर बँक दोघांच्या मागे लागते. म्हणून हे कर्ज दोघांच्याही प्रतिज्ञापत्रात यायला हवं, आणि कोण किती भरतंय तेही.

समोरच्याने लपवलं असं वाटत असेल तर

नमुन्यात एक रकाना जोडीदाराविषयी आहे. त्याचं शिक्षण, काम, कमाई, मालमत्ता याबद्दल तुम्हाला जे माहीत आहे ते कागदांसह लिहायचं. बऱ्याच बायका हा रकाना कोरा सोडतात, कारण पैशाचे व्यवहार कधी त्यांच्यापर्यंत आलेच नव्हते. पण दर महिन्याला भाडं घेऊन कोण येतं, दुकानात किती नोकर आहेत, मुलांची फी कोणत्या खात्यातून जाते, मागच्या वर्षी कुठल्या एजंटकडून जमीन घेतली, एवढं तर माहीत असतं. ते लिहावं. पुढच्या मागण्यांना तोच धागा लागतो.

त्या मागण्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ११ खाली करता येतात: समोरच्याला शपथेवर उत्तरं द्यायला लागतील असे लेखी प्रश्न, आणि त्याच्या ताब्यातले कागद हजर करण्याचा आदेश. बँकेला किंवा मालकाला समन्स काढून थेट कागद मागवता येतात. जे कागद मुळातच सार्वजनिक आहेत त्यांना तर कोर्टाचीही गरज नाही. महाराष्ट्रात नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर मालमत्तेचा इंडेक्स टू, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताचा गोषवारा, बघता येतो, महाभूलेखवर सातबारा, कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर कोण कुठल्या कंपनीत संचालक आहे ते. माहिती अधिकारातून जोडीदाराचा पगार किंवा विवरणपत्र मिळवण्याबद्दल वेगवेगळ्या न्यायालयांचे आणि आयोगाचे निर्णय परस्परविरोधी आहेत, त्या वाटेवर वेळ घालवण्यापेक्षा आहे त्या दाव्यातच अर्ज देणं मला शहाणपणाचं वाटतं.

एक मात्र करू नये. जोडीदाराचा पासवर्ड माहीत आहे म्हणून त्याच्या ईमेलमध्ये किंवा नेट बँकिंगमध्ये शिरणं. परवानगीशिवाय असं करणं माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली अंगाशी येऊ शकतं, आणि पोटगीच्या साध्या अर्जाला एक नवी तक्रार चिकटते.

दावा येणार याचा सुगावा लागताच प्लॉट भावाच्या नावावर, दुकान आईच्या नावावर करून टाकणारेही असतात. नमुन्यात यासाठीही जागा आहे: लग्नानंतरच्या काळात जी मालमत्ता विकली, बक्षीस दिली किंवा हस्तांतरित केली तिचा तपशील आणि त्याचं कारण लिहायचं. बक्षीसपत्राची तारीख आणि नोटिसीची तारीख शेजारी शेजारी आल्या की न्यायाधीशांना वेगळं सांगावं लागत नाही.

खोटं लिहिलं तर काय होतं? प्रतिज्ञापत्राच्या शेवटीच लिहिलेलं असतं की खोट्या विधानासाठी सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण समोरच्याने उठून पोलीस ठाण्यात जावं असं ते प्रकरण नसतं. ज्या न्यायालयात खोटं बोललं गेलं त्याच न्यायालयाकडे अर्ज द्यायचा, आणि न्यायहितासाठी कारवाई आवश्यक आहे असं त्याला वाटलं तरच ते तक्रार करतं. जुन्या फौजदारी संहितेचं कलम ३४०, आता नव्या संहितेत ३७९. असे अर्ज पुष्कळ पडतात, शेवटाला फार थोडे जातात. रोजच्या व्यवहारात जास्त लागणारी शिक्षा दुसरीच आहे. स्वतःची कमाई ही ज्याची त्यालाच ठाऊक असणारी गोष्ट, ती सिद्ध करण्याचा भार त्याच्यावरच. त्याने कागद दिले नाहीत तर न्यायालय त्याच्याविरुद्ध अनुमान काढतं आणि समोरच्याने सांगितलेला आकडा खरा धरायला मोकळं होतं. खरे कागद देणाऱ्याला बहुतेकदा याहून कमीच भरावं लागलं असतं.

संमतीने घटस्फोट घेणाऱ्यांना हे सगळं आपल्यासाठी नाही असं वाटतं. एकरकमी रक्कम ठरली, सह्या झाल्या, सहा महिन्यांनी मोकळे. पण हिंदू विवाह कायद्यानुसार ती संमती बळजबरीने, फसवणुकीने किंवा दबावाखाली घेतलेली नाही याची न्यायालयाला खात्री पटावी लागते. समोरच्याकडे नेमकं काय आहे हे न कळताच रक्कम मान्य केली असेल, तर पुढे वाद उकरून काढायला जागा राहते. म्हणून संमतीच्या अटींमध्ये दोघांच्या मालमत्तेची आणि देण्यांची यादी जोडून घ्यावी, आणि प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या घ्याव्यात.

हे प्रतिज्ञापत्र एकदा देऊन संपतही नाही. नोकरी गेली, लागली, पगार वाढला, वारसा मिळाला, आजार निघाला, तर न्यायालयाला ताबडतोब कळवण्याची हमी त्यातच लिहून दिलेली असते. कायमची पोटगी ठरल्यावरही परिस्थिती बदलली तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ खाली ती कमी-जास्त करून मागता येते, आणि तेव्हा नवं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. समोरचा वकील ते जुन्याच्या शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहतो. म्हणून दाखल केलेल्या प्रतिज्ञापत्राची जोडकागदांसकट एक पूर्ण प्रत स्वतःकडे ठेवावी. वकील बदलला तर फाइल परत मिळवताना नेमका हाच गठ्ठा गहाळ झालेला असतो.